हाय आणि नाय

पोपट गावंडच्या ट्रॅक्टरला आरसा नव्हता. पहिल्याच दिवशी ते माझ्या लक्षात आलं आणि मास्तरकीची खोड जात नाही म्हणून मी लगेच टोकलं.

"आरसा खोटा बोलतो, गुरुजी," तो म्हणाला. "जवलचा मानूस लांब दाखवतो. मना गोजरा पुरते."

गोजरा म्हणजे त्याची बायको. पन्नाशीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. लोखंडी साखळी खांद्यावर टाकून ती माझ्या जमिनीवरचे बुडखे मोजत होती. तिच्या कमरेला एक पिवळं फडकं होतं. त्या फडक्यावर त्या दोघांचा सगळा धंदा चालायचा, हे मला तासाभरातच कळलं.

आधी माझं सांगतो, कारण यात माझाही हात आहे. मी नंदकिशोर सबनीस, मूळचा साताऱ्याकडचा. नेरूळच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात निम्मी पोरं सारसोळे आणि आसपासच्या गावांतली. हजेरीला ती 'हाय' म्हणायची आणि मी त्यांना उभं करायचो. "आहे म्हण. दहा वेळा म्हण." पाणी, आणि, कोण, सगळ्यातला ण मी त्यांच्या तोंडात घासून बसवला. मला तेव्हा ते पुण्यकर्म वाटायचं. निवृत्त होऊन खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये रिकामा बसलो तेव्हा हळूहळू लाज वाटायला लागली. मग उलटं टोक गाठलं. वहीत त्यांच्या बोलीतले शब्द टिपू लागलो, बाजारात कोळणींशी तसंच बोलू लागलो. माझी बायको वैजयंती म्हणायची, "अहो, तुम्ही तसं बोललात की ती हसते आणि शिळी कोळंबी पिशवीत टाकते." मी ऐकलं नाही. मला वाटायचं, मी जुनी चूक दुरुस्त करतोय.

उरणच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही वीस गुंठे जागा घेतली. आधीच्या मालकाने रीतसर परवानगी काढून झाडं तोडली होती आणि लाकूड विकून मोकळा झाला होता. बुडखे मात्र तसेच जमिनीत. सतरा होते. सागाचे, किंजळाचे, दोन आंब्याचे आणि ईशान्येच्या कोपऱ्यात एक ऐनाचा. जेसीबी आत यायला वाट नव्हती, मधल्या ओढ्यावरची मोरी बारीक. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी केतन म्हणाला, "सर, माझे वडील छोट्या ट्रॅक्टरने बुडखे काढतात. त्यांना पाठवतो." शाळेत असताना केतन सारसोळ्याला मामाकडे राहायचा. पोपट त्याचा बाप.

पोपटचं गाव उरणच्या अलीकडे. त्याच्या आजाने मिठागरावर काम केलं, बापाने भात लावला, आणि पोपटच्या वाट्याला आला कंटेनरचा यार्ड. तिथे बारा वर्षं काढली. मग ती नोकरी सोडून त्याने हा छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याची चाकं माझ्या कमरेइतकी. बघितल्यावर मला हसू आलं. म्हटलं, हा काय मुळं उपटणार!

"ह्याच्यान ताकद नाय," पोपट म्हणाला, "म्हनून डोका वापराला लागतो."

आणि खरंच त्याने डोकं वापरलं. आधी दोघं मिळून बुडख्याभोवती खड्डा खणत. आडवी मुळं गोजरा कुऱ्हाडीने तोडे. मग पोपट ट्रकची एक जुनी रिम बुडख्याला टेकवून उभी करी आणि साखळी तिच्यावरून घेऊन ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या हुकात अडकवी. रिममुळे ओढ आडवी न लागता वरच्या दिशेने लागायची. पुढची चाकं उचलू नयेत म्हणून नाकावर वाळूची दोन पोती बांधलेली. साखळी वरच्या दांड्याला कधीच लावायची नाही, लावली की ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या छातीवर येतो, हेही त्याने मला समजावलं. ते सांगताना तो हसत होता, पण हात हुकावरून हलवत नव्हता.

साखळी बुडख्याला आवळायचं काम गोजराचं. मुळाखालच्या खाचेत हात घालून ती कडी बसवायची. म्हणजे लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये तिची बोटं असायची, आणि पोपट तिच्याकडे पाठ करून, क्लच दाबून, इंजिन चालू ठेवून बसलेला असायचा. काम झालं की ती खड्ड्यातून वर यायची, फेरी मारून पुढच्या चाकापाशी त्याला दिसेल अशी उभी राहायची आणि पिवळं फडकं वर करायची. ते फडकं दिसेपर्यंत पोपट पाय उचलायचा नाही. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, तो सहा मिनिटं तसाच बसला होता, कारण गोजराच्या पायात काटा गेला होता.

"तोंडाने सांगितलं तर लवकर होईल की," मी म्हटलं.

पोपटने इंजिन बंद केलं. एवढ्यासाठी तो इंजिन बंद करील असं मला वाटलं नव्हतं.

"कामाव तोंडानी बोलाचा नाय, गुरुजी. इंजिनाच्या आवाजान हाय नि नाय येकसारका आयकू येतंय." मग म्हणाला, "यार्डान येक डायवर गारी मागं घेत व्हता. इचारला, मागं कोन हाय काय? पोरगा बोलला, हाय. यानं आयकला, नाय. मी उचलला त्या मानसाला."

गोजरा पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, काय सुंदर उदाहरण आहे! एका व्यंजनाचा फरक! मी वहीत टिपून घेतलं. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर चौघांना रंगवून सांगितलं, सगळे हसले. घरी वैजयंतीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, "काम चालू असताना तुम्ही तिथे जवळ उभे राहू नका." मी म्हटलं, मी काय लहान आहे?

दोन दिवसांत सोळा बुडखे निघाले. सागाचे तर दाढेसारखे उपटून आले. राहिला ऐनाचा.

तो वेगळाच होता. दोघांच्या कवेत न मावणारा, काळपट, मगरीच्या पाठीसारखी साल. तोडून वर्ष होत आलं तरी एका बाजूने त्याला लालसर धुमारे फुटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पोपट त्याच्याभोवती तीनदा फिरला. पहारीने ठोकून बघितलं. आवाज बद्द आला नाही, खणखणीत आला.

"याला राहू द्या," तो म्हणाला. "याचा खालचा मूल खडकान गेलाय. वर फली टाका, बसाला व्हईल."

मला ते चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भूमिपूजन होतं. शेतघराची पूजा ईशान्येलाच मांडायची असं भटजींनी बजावलं होतं, आणि ईशान्येला हा बसलेला. वैजयंतीच्या माहेरची माणसं साताऱ्याहून निघाली होती. मी पोपटला हे सगळं सांगितलं. वर म्हटलं, "तुमच्या भरवशावर मी सगळ्यांना बोलावलंय, पोपटराव." हे खोटं होतं. मी त्याला न विचारताच बोलावलं होतं.

दुपारपर्यंत खणणं चाललं. खड्डा गोजराच्या छातीइतका खोल गेला आणि काढलेल्या मातीचा ढीग बुडख्याच्या उंचीला आला. आधीच्या खड्ड्यांना असा ढीग कधी झाला नव्हता. ट्रॅक्टरवर बसलं की खड्ड्यातलं माणूस आता दिसत नव्हतं. मला ते दिसलं होतं. पोपटलाही दिसलं असणार, कारण तो दोनदा सीटवर उभा राहून मागे बघून घेत होता.

तीन वाजता पहिली ओढ दिली. साखळी ताणली, रिम कुरकुरली, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं वाळूच्या पोत्यांसकट जमिनीवरून वीतभर उचलली. तशीच क्षणभर अधांतरी राहिली. मग पोपटने क्लच दाबला आणि ती धप्पकन खाली आली. पुढच्या चाकापाशी उभ्या गोजराच्या हातातलं फडकं तसंच वर राहिलं होतं, खाली घ्यायचं ती विसरली होती.

"बंद करा," ती म्हणाली. "आज पुरे. उंद्या बगू."

पोपट खाली उतरला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "गुरुजी, अजून येक मूल तोडाला पायजे. सकालच्या पारी येतो. आज आंग थकलाय."

इथे मी गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, "पोपटराव, एवढं कराच. माझी इज्जत आहे." आणि मग त्यांच्या बोलीत, लाडीगोडीने, "आपला घरचा काम हाय."

पोपट हसला. त्याला माझी बोली ऐकली की नेहमी हसू यायचं. गोजरा हसली नाही. पण पोपट पुन्हा सीटवर चढला तेव्हा तीही काही न बोलता कुऱ्हाड घेऊन खड्ड्यात उतरली.

पलीकडच्या डोंगरात दगडखाण आहे. रोज चारला तिथे सुरुंग लावतात. आधी भोंगा वाजतो, मग जमीन हादरते. त्या दिवशी एकामागून एक सहा बार झाले. पाखरं उडाली, धुरळा आमच्या अंगावर आला आणि माझ्या कानात बराच वेळ नुसतं गुणगुणत राहिलं. तोवर गोजराने मूळ तोडलं होतं. ती वर आली, फडकं दाखवलं, पोपटने ओढ दिली. बुडखा पहिल्यांदाच हलला. एक बाजू चार बोटं वर आली आणि साखळी सालीवरून सटकली.

गोजरा परत खड्ड्यात उतरली. कडी आता बुडख्याच्या पोटाखाली, वर आलेल्या फटीत बसवायची होती. मी तिच्या नेहमीच्या जागी, पुढच्या चाकापाशी उभा होतो. तिथे सावली होती म्हणून. पोपट वाट बघत राहिला. इंजिन धडधडत होतं. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं ते पोपटने पाहिलं.

त्याने मान वळवून मागे बघितलं. मागे मातीचा ढीग आणि बुडखा, बाकी काही नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. कामावर तोंडाने विचारलं.

"गुरुजी, गोजरा मागं हाय काय?"

मी उभा होतो तिथून, ढिगाच्या कडेने, मला खड्ड्यात तिचा अंबाडा दिसत होता. मी मान हलवू शकलो असतो. हात आडवा धरू शकलो असतो. 'आहे' म्हणू शकलो असतो, जे मी एकतीस वर्षं पोरांकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतलं होतं, आणि जे 'नाय'सारखं कुठल्याच इंजिनात ऐकू येत नाही. पण मी त्यांच्यातला झालो होतो ना. मी छाती भरून ओरडलो, "हाय!"

पोपटने पाय उचलला.

साखळी ताणल्याचा आवाज आला, मग गोजराचा. मी त्या आवाजाबद्दल जास्त लिहू शकत नाही. पोपटने क्लच दाबेपर्यंत दोन श्वासही झाले नसतील, पण ऐनाने तेवढ्यात आपलं काम केलं होतं. बुडखा कलला होता आणि गोजराचा उजवा हात कडीसकट त्याच्या पोटाखाली होता. पहारीने आम्ही बुडखा उचलला, म्हणजे पोपटने उचलला. मी नुसता पहारीला धरून होतो.

ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधलेली फळी टाकून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून रिक्षाने पनवेलच्या एका हॉस्पिटलात. तिचा पंजा मनगटापासून काढावा लागला. ती शुद्धीवर होती आणि सबंध वाटेत एकदाही ओरडली नाही, फक्त कमरेचं फडकं डाव्या हाताने चाचपत होती.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर पोपटने माझे दोन्ही खांदे धरले. "तुमी नाय बोललाव, गुरुजी. मी आयकला. तुमी नाय बोललाव."

केतनही आता यार्डातच कामाला होता, तिथून धावत आला होता, बाजूला उभा होता. वैजयंती आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी 'आहे' म्हणालो, पोपटराव. स्पष्ट 'आहे' म्हणालो."

अर्थाने ते खरं होतं. मीही स्वतःला तेच समजावलं. पण पोपटचे हात माझ्या खांद्यांवरून खाली गेले. 'आहे' असं स्पष्ट म्हटलेलं ज्याला 'नाय' ऐकू येतं, त्या माणसाचे कान गेले. त्याने तिथल्या तिथे तो निकाल स्वतःवर लावला. केतनने त्याला धरून बाकावर बसवलं.

भूमिपूजन झालं नाही. ऐनाचा बुडखा तसाच कलून राहिला. केतनकडून कळत होतं. वडील ट्रॅक्टरवर चढत नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत, पण वडिलांना पटत नाही. रस्ता ओलांडताना आईचा पदर धरतात. गावात लोक म्हणतात, पोपटने घाईत बायकोचा हात घालवला, आणि वडील 'हो' म्हणतात.

हे ऐकूनही मी दीड महिना गेलो नाही. रोज उद्या जाऊ म्हणायचो. शेवटी एका रविवारी वैजयंतीने विचारलं, "तुम्ही नक्की काय म्हणाला होतात?" मी पेपर तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "मग ते मला नका सांगू. त्यांना जाऊन सांगा."

पोपटचं घर रस्त्यालाच आहे. अंगणात ट्रॅक्टर निळ्या ताडपत्रीखाली झाकलेला. पोपट ओटीवर बसला होता, दीड महिन्यात दहा वर्षांनी म्हातारा झालेला. गोजरा डाव्या हाताने सुपातली सुकट निवडत होती. उजव्या मनगटावर तेच पिवळं फडकं गुंडाळलं होतं.

मी बसलो. तब्येत विचारली. पोपट माझ्या ओठांकडे बघत होता, बहिरी माणसं बघतात तसं. मला ते सहन होईना.

बोलली ती गोजराच. सुकटीवरून नजर न उचलता.

"तुमी हाय बोललाव, गुरुजी. मी खड्ड्यातून आयकला."

पोपट एकदम तिच्यावर खेकसला. "गप रव! कितींदा सांगला तुला. मस्करीन बोलतील, पन कामाव गुरुजी हाय कसं बोलतील? केतन हाय बोलला म्हनून त्यांनी त्याला सगल्या वर्गासमोर उभा केलता. मामाकडून रडत आलता पोरगा घरी. ते हाय बोलनारे मानूस नाय." मग माझ्याकडे वळून, माझी बाजू सावरत, "मनाव घेऊ नका. दुखनाईत हाय ती. माजेच कान गेलं."

केतनला उभं केलेलं मला आठवत नव्हतं. इतक्या पोरांना केलं होतं. बापाने मात्र ते पंधरा वर्षं जपून ठेवलं होतं, आणि त्याच आधारावर तो स्वतःच्या बायकोला खोटं ठरवत होता. मला वाटलं, इथेच जमीन फाटावी.

"पोपटराव," मी म्हटलं, "मी 'हाय' म्हणालो. 'आहे' नाही म्हणालो. हॉस्पिटलात मी खोटं बोललो. तुमचे कान चांगले आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही, डोळ्यांत. मग उठला, अंगणात गेला आणि ट्रॅक्टरवरच्या ताडपत्रीवर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी उठू लागलो तेव्हा गोजराने उरलेला हात आडवा धरला.

"आमच्यासारका कशाला बोललाव?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "आमची पोरा तुमच्यासारका बोलाला शिकली. तुमचा तुमी बोलला असताव तं काय झाला असता?"

ती सुकटीचं सूप घेऊन आत निघून गेली. कामाच्या त्या दिवसांत मी त्या घरात दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा चहा घेतल्याशिवाय तिने मला उठू दिलं नव्हतं. मी चपला घालून बसच्या थांब्याकडे निघालो.